इंजिन सर्वांचे एक, हुन्नर ज्याचा त्याचा

मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेत मधला गट २००९ पर्यंत २५० सीसीचा होता. त्या टू-स्ट्रोक गाड्यांचा खर्च फार वाढला, म्हणून २०१० च्या हंगामापासून त्या जागी 'मोटो टू' गट आला. नियम साधा होता. इंजिन सर्वांना एकच, होंडाचे ६०० सीसी, चार सिलिंडरचे, सीलबंद. टायरही सर्वांना डनलॉपचेच. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, मात्र ज्याने त्याने बनवायचा.

मग फरक पडला कशाने? कारागिरीने! स्वित्झर्लंडचा सुटर, जर्मनीचा कालेक्स, जपानचा मोरीवाकी अशा लहान कारखान्यांना हात दाखवण्याची संधी मिळाली. हंगामात १७ शर्यती झाल्या. स्पेनचा टोनी एलियास मोरीवाकीवर ७ शर्यती जिंकून विजेता ठरला. गाडी बनवणाऱ्यांचे विजेतेपद सुटरने मिळवले.

या हंगामाला दुःखाची किनारही आहे. कतारची पहिली शर्यत सुटरवर जिंकणारा जपानचा शोया तोमिझावा ५ सप्टेंबरला इटलीत मिसानो येथे पडला आणि मागून येणाऱ्या गाड्या त्याच्यावर आदळल्या. १९ वर्षांचा तरुण जिवाला मुकला.

२०१९ पासून इंजिन ट्रायम्फचे ७६५ सीसी आले, पण 'इंजिन एकच' हा नियम कायम राहिला.

आमच्या कारागीर बांधवांनी यातून एवढेच घ्यावे: माल सर्वांना एकाच बाजारातून मिळतो. गिऱ्हाईक टिकते ते हातच्या सफाईने. आणि ज्या कामावर कुणाचा जीव अवलंबून असतो, त्यात घाई नको.