पठन, प्रतीती आणि सावरणे : तीन मराठी ख्रिस्ती निवेदनांचा तौलनिक विचार

धर्मग्रंथाच्या वाचनातून खचलेले मन सावरले, असे सांगणाऱ्या निवेदनांची परंपरा पाश्चात्त्य साहित्यात दीर्घ आहे. तिच्या आरंभी संत ऑगस्टीन यांचे प्रसिद्ध निवेदन येते. इ. स. ३८६ मध्ये मिलान येथील बागेत त्यांनी पौलाचे रोमकरांस पत्र उघडले आणि हाती आलेल्या एका वचनाने त्यांच्या अंतःकरणातील संघर्ष संपला. ग्रंथ, क्षण आणि परिवर्तन अशी ही त्रिपदी पुढे आदर्श मानली गेली. मराठी ख्रिस्ती निवेदने या आदर्शाशी कितपत जुळतात आणि कोठे त्यापासून दुरावतात, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९), लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) आणि पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांची निवेदने विचारात घेतली आहेत.

यांपैकी पहिल्या निवेदनाचा संबंध रायपूरच्या परिसराशी आहे. रायपूरच्या पश्चिमेस सुमारे सत्तर किलोमीटरवर असलेले राजनांदगाव हे त्या काळी बैरागी महंतांच्या गादीचे संस्थान होते. १८९३ च्या सुमारास टिळक या संस्थानात नोकरीसाठी निघाले. तत्पूर्वी नागपुरात त्यांनी 'ऋषि' हे मासिक चालविले होते. वेदविद्या आणि कविता या दोहोंत त्यांचे मन रमत असे. परंतु ते एका गावी, एका नोकरीत फार काळ स्थिरावत नसे. राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत त्यांची एका पाश्चात्त्य मिशनऱ्याशी गाठ पडली. काव्यापासून सुरू झालेला संवाद धर्माकडे वळला. उतरताना त्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि आपण दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले.

हा प्रसंग वारंवार सांगितला जातो. मात्र त्यापुढील वाचनाच्या प्रक्रियेकडे तितकेसे लक्ष दिले जात नाही. टिळकांनी तो ग्रंथ श्रद्धेने उघडलेला नव्हता. कोणतेही पुस्तक हाती पेन्सिल घेऊन, खुणा करीत वाचण्याची त्यांची रीत होती आणि त्याच रीतीने त्यांनी हेही वाचन आरंभिले. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येताच चिकित्सक वाचकाचे भाविक वाचकात रूपांतर होऊ लागले. तरीही निर्णय तत्काळ झाला नाही. आपले नाव उघड न करता त्यांनी ख्रिस्ती नियतकालिकाच्या संपादकांशी पत्रव्यवहार केला, शंका विचारल्या, आणि अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे बाप्तिस्मा घेतला. ऑगस्टीन यांच्या निवेदनात जे एका क्षणात घडते, ते येथे सुमारे दोन वर्षे चालले. साक्षात्कारापेक्षा मननाला येथे अधिक स्थान आहे. संतपरंपरेतील श्रवण, मनन आणि निदिध्यासन हा क्रम अशा वाचनाला अधिक जवळचा वाटतो.

याच कारणाने टिळकांच्या प्रतीतीला पुढे अभंगाचे रूप लाभले. तुकारामांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची भूमिका होती. अभंगात भक्त आपले दैन्य, आपली तळमळ आणि आपले समाधान देवासमोर मांडतो. स्खलन, अनुताप आणि आधार यांची भाषा या रचनाप्रकारात आधीच सिद्ध होती. म्हणून ख्रिस्ती आशय स्वीकारताना टिळकांना आत्मनिवेदनाची नवी भाषा घडवावी लागली नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्रिस्तपुराणा'साठी ओवी निवडली ती प्रामुख्याने कथनासाठी; टिळकांनी अभंग निवडला तो अंतःकरण उघडे करण्यासाठी. दोन छंदांमधील हे अंतर धर्मोपदेश आणि आत्मनिवेदन यांमधील अंतरही दर्शविते.

तथापि एकाचे सावरणे हे दुसऱ्याचे कोसळणे ठरू शकते, ही बाजू टिळकांच्या अभंगांतून दिसत नाही. ती 'स्मृतिचित्रे'मध्ये दिसते. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात लक्ष्मीबाईंनी पतीच्या धर्मांतराची वार्ता आणि त्यानंतरचा वियोग यांचे चित्रण केले आहे. लहानग्या मुलासह त्या आप्तांच्या आश्रयाने पंढरपूर, नाशिक येथे राहिल्या. पुढे पतीकडे परतल्यावरही काही काळ त्यांनी आपला आचार आणि आपली चूल वेगळी ठेवली. त्यांचे परिवर्तन ग्रंथातून आले नाही. सोवळ्याओवळ्याचा आणि जातिभेदाचा विचार करता करता, माणसामाणसांतील हा भेद देवाने केलेला नाही, अशी त्यांची खात्री झाली. आणि ज्याचा स्पर्श आजवर वर्ज्य मानला, त्याच्या हातचे घेण्यापासून त्यांच्या नव्या जीवनाला सुरुवात झाली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या ठिकाणी ग्रंथ आधी आणि आचार नंतर, पत्नीच्या ठिकाणी आचार आधी आणि ग्रंथ नंतर, असा हा व्युत्क्रम आहे. निवेदनाचा स्वरही त्याला अनुरूप आहे. साक्ष देणाऱ्याचा उंचावलेला सूर टाळून त्या घरगुती, विनोदी, प्रसंगी बोचऱ्या भाषेत लिहितात. दुःखाकडे हसून पाहता येणे हीच त्यांच्या लेखी सावरल्याची खूण आहे.

रमाबाईंचे उदाहरण या दोहोंहून निराळे आहे. १८७४ च्या सुमारास दुष्काळातील पायपिटीत आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ च्या आपल्या इंग्रजी निवेदनात, तेव्हा आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र काही वर्षांनी लाभला, असा भेद त्यांनी केला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी अनेक निराधार मुलींना आश्रय दिला. स्वतः भोगलेली भूक त्यांना तेथे पुन्हा भेटली असावी. केडगाव येथील मुक्तिसदनात या मुली शिकल्या. हिब्रू आणि ग्रीक मूळ भाषांवरून रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या सुलभ मराठी भाषांतराची छपाईही तेथील स्त्रियांनी केली. अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशी भाषा हा त्या भाषांतराचा आग्रह होता. येथे शास्त्रचिंतन हे एकट्याचे राहत नाही. सावरलेली व्यक्ती इतरांना सावरण्याचे साधन घडविते.

छत्तीसगडच्या संदर्भात एक तुलना उपयुक्त ठरेल. जर्मन मिशनरी ऑस्कर लोर यांनी १८६८ मध्ये सतनामी समाजात कार्य आरंभिले आणि बिश्रामपूर ही वसाहत उभी केली. तेथे शुभवर्तमान पोहोचले ते वस्ती, शेती आणि शाळा यांसह, म्हणजे समूहाच्या जीवनातून. राजनांदगावच्या वाटेवर तेच शुभवर्तमान एका शिक्षित ब्राह्मण वाचकाच्या हाती पुस्तकरूपाने आले. यांपैकी केवळ दुसऱ्या प्रकारातून आत्मनिवेदनपर साहित्य सहज निर्माण होते, कारण त्यासाठी लागणारी अक्षरविद्या आणि एकांत तेथे आधीच उपलब्ध असतो. लिखित निवेदनांवरून श्रद्धेच्या इतिहासाचा अंदाज बांधताना ही मर्यादा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

या विवेचनावरून असे म्हणता येईल, की 'धर्मांतरकथा' ही संज्ञा या तीन निवेदनांना पुरेशी नाही. टिळकांच्या ठिकाणी वाचनाचे अभंगात, लक्ष्मीबाईंच्या ठिकाणी वियोगाचे विनोदात आणि रमाबाईंच्या ठिकाणी शोकाचे भाषांतरात रूपांतर झाले. टिळकांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या 'देवाचा दरबार' या बंधुसंघात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे शिष्य सामावले जात. धर्माची सीमा ओलांडण्यासाठी मोजलेली किंमत पाहून झाल्यावर ती सीमाच सैल करण्याचा हा प्रयत्न होता. 'ख्रिस्तायन' हे काव्य टिळकांनी आरंभिले, अपुरे ठेवले, आणि ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. ज्या ग्रंथाने संसार दुभंगला होता, त्याच ग्रंथाची कथा दोघांच्या लेखणीने पुढे चालली, हे या परंपरेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे.