अमेरिकेतून नातलगाला बोलावताय? आर्थिक हमीचा हिशेब आधी मांडा

मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला, नागरिक झाला, आता अब्बा-अम्मींना कायमचं तिकडे न्यायचं आहे. अर्ज भरला, काही महिन्यांनी तो मंजूरही झाला. घरात मिठाई वाटली जाते. पण खरी अडचण अनेकदा त्यानंतर येते. मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधल्या मुलाखतीआधी एक फॉर्म द्यावा लागतो, आय-८६४. आपल्याकडे लोक त्याला 'स्पॉन्सरचा कागद' म्हणतात. हा कागद कमजोर असेल तर मंजूर अर्जही तिथेच अडकतो. म्हणून त्याचा हिशेब सोप्या भाषेत मांडत आहोत.

ही हमी कशाची?

येणारा माणूस सरकारी मदतीवर अवलंबून राहणार नाही, अशी लेखी हमी बोलावणारा देतो. बोलावणारा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा, वय किमान १८ असावं (आई-वडिलांना किंवा भावंडांना बोलवायचं तर नागरिक असावा आणि वय किमान २१) आणि त्याचं राहतं घर अमेरिकेत असावं. नागरिकत्व अमेरिकेचं पण नोकरी दुबईत, असं असेल तर अमेरिकेत परत राहायला जात असल्याचे पुरावे द्यावे लागतात.

उत्पन्न किती लागतं?

अमेरिकन सरकार दरवर्षी गरिबी रेषेचे आकडे जाहीर करतं. हमी देणाऱ्याचं वार्षिक उत्पन्न त्या रेषेच्या किमान १२५ टक्के असावं लागतं. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे ही रक्कम दोन माणसांच्या कुटुंबाला २६,४३७ डॉलर, चौघांना ४०,१८७ आणि सहा जणांना ५३,९३७ डॉलर होते. अलास्का आणि हवाईत ती जास्त आहे. सही करताना त्या वर्षीचाच तक्ता बघावा. भावंडांच्या अर्जाला तर भारतीयांना पंधरा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. अर्ज भरला तेव्हाचे आकडे तिथे काहीच कामाचे नसतात.

माणसं मोजताना चूक होते

कुटुंबात स्वतः हमी देणारा, त्याची बायको, २१ वर्षांखालची अविवाहित मुलं, टॅक्स रिटर्नमध्ये दाखवलेले इतर अवलंबित, आणि आता येणारे नातलग, सगळे मोजायचे. पूर्वी कुणाची हमी घेतली असेल आणि ती अजून चालू असेल, तर तोही मोजायचा. हे शेवटचं बरेच जण विसरतात.

उदाहरण घेऊ. नवरा, बायको, दोन मुलं आणि आता येणारे अब्बा-अम्मी, म्हणजे सहा जण. लागणार ५३,९३७ डॉलर. मुलाचं उत्पन्न ४८,००० असेल तर ५,९३७ डॉलर कमी पडतात.

कमी पडलं तर तीन वाटा

पहिली वाट घरातल्या माणसांची. त्याच घरात राहणारी बायको, सज्ञान मुलगा, भाऊ किंवा आई-वडील यांचं उत्पन्न जोडता येतं. त्यासाठी त्यांना आय-८६४ए या फॉर्मवर सही करावी लागते.

दुसरी वाट मालमत्तेची. बँकेतली बचत, शेअर, घर दाखवता येतं, पण तुटीच्या पाचपट. वरच्या उदाहरणात २९,६८५ डॉलर. अमेरिकन नागरिक आपल्या बायकोला किंवा नवऱ्याला बोलावत असेल तर तिप्पट पुरते. येणाऱ्या माणसाची भारतातली मालमत्ताही चालते, मात्र ती वर्षभरात विकून पैसा करता येण्यासारखी हवी आणि तो पैसा देशाबाहेर नेता आला पाहिजे. इथे आपल्या गावाकडच्या जमिनी अडकतात. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, वारस अकरा, वाटणी झालेली नाही. अशी जमीन लाखमोलाची असली तरी कागदावर 'माझी' म्हणून दाखवता येत नाही. वारसनोंद आणि वाटणी वेळेत करून घ्या, हे आम्ही एरवीही सांगतोच.

आणखी एक गोष्ट. मित्राकडून उसने पैसे घेऊन महिनाभर खात्यात ठेवायचे, हा उपाय चालत नाही. बँकेची मागच्या १२ महिन्यांची स्टेटमेंट मागितली जातात, अचानक आलेली मोठी रक्कम लगेच नजरेत येते.

तिसरी वाट संयुक्त हमीदाराची. तो नातलग नसला तरी चालतो, पण नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आणि अमेरिकेत राहणारा हवा. दुबईतले मामू कितीही श्रीमंत असोत, ते हमीदार होऊ शकत नाहीत. संयुक्त हमीदाराचं उत्पन्न मुलाच्या उत्पन्नात मिळवून चालत नाही. त्याचं स्वतःचं कुटुंब अधिक येणारी माणसं, एवढ्यांचा हिशेब त्याने वेगळा पूर्ण करायचा. आणि हमीदार मिळाला तरी मुलाचा आय-८६४ द्यावाच लागतो.

कागद कोणते?

ताजं टॅक्स रिटर्न किंवा त्याचा ट्रान्स्क्रिप्ट, नोकरी असेल तर डब्ल्यू-२, पगाराच्या पावत्या, मालकाचं पत्र. दुकान किंवा टॅक्सी चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, गल्ल्यात आलेला पैसा उत्पन्न धरला जात नाही, खर्च वजा जाता टॅक्समध्ये दाखवलेला धरतात. टॅक्स वाचवायला उत्पन्न कमी दाखवलं, तर अम्मीच्या व्हिसाच्या वेळी तेच आडवं येतं.

सही म्हणजे जामीन

आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. "चाचा, फक्त एक सही हवी" असं म्हणून हमीदार मिळवले जातात. पण ही सही म्हणजे कायदेशीर करार आहे. आलेल्या माणसाने ठरावीक सरकारी मदत घेतली तर ते पैसे हमीदाराकडून वसूल होऊ शकतात. ही जबाबदारी तो माणूस नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या खात्यात कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं, जमा होईपर्यंत राहते. त्याचा मृत्यू झाला किंवा ग्रीन कार्ड सोडून तो कायमचा परत गेला, तरी ती त्याआधी संपते. तलाकने ती संपत नाही. बायकोला बोलावून नंतर नातं तुटलं, तरी ती या हमीच्या आधारे कोर्टात जाऊ शकते.

सूरह बकराहमध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलं आहे, म्हणजे कुणी अंधारात राहू नये. इथेही तेच करावं. सही मागण्याआधी चाचांना सगळं सांगा, चाचींनाही समोर बसवा, विचार करायला वेळ द्या. त्यांनी नाही म्हटलं तर राग धरू नका. पैसे घेऊन 'स्पॉन्सर' मिळवून देणारे एजंट भेटले तर लांब राहा. खोट्या कागदांनी अर्ज तर जातोच, पुढे प्रवेशाची दारंही बंद होऊ शकतात.

आज रात्री जेवणानंतर एक कागद घ्या. वर माणसं लिहा, खाली उत्पन्न. बेरीज जमली नाही तर वर्षभर थांबा, उत्पन्न वाढवा, मग अर्ज पुढे न्या. अम्मी-अब्बांची वाट थोडी लांबेल, पण मुलाखतीच्या खिडकीवरून रिकाम्या हाताने परतण्यापेक्षा ते बरं.