पेरणीयंत्रावरील गंज व त्यास द्यावयाचें वंगण

यंत्रास तेल पाजलें म्हणजे त्याची निगा झाली, असा आपल्यापैकीं पुष्कळ शेतकऱ्यांचा समज आहे. हा समज अर्धाच खरा आहे; आणि खत व बीं एकदम पेरणाऱ्या यंत्राच्या बाबतींत तर तो बराच महाग पडतो. मृगाची पेरणी आटोपली कीं यंत्र पडवींत लोटून दिलें जातें, व हस्ताचा पाऊस उघडून रब्बी ज्वारीस वाफसा आला म्हणजे तें पुनः बाहेर काढलें जातें. त्या वेळीं खताचें चक्र अडकलेलें, साखळीचे दुवे ताठलेले व नळ्या बुजलेल्या अशी स्थिति आढळते. वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं. कारागिराच्या दारांत दोन-तीन दिवस गेले कीं जमिनीचा वरचा थर वाळतो आणि उगवण उणी पडते. ही हानि टाळण्यास खर्च फार थोडा लागतो. मात्र कोणत्या भागास काय लावावें, व त्यापूर्वीं काय करावें, हें नीट समजलें पाहिजे.

गंजाचें मूळ.— लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु हीं तीन एकत्र आलीं म्हणजे गंज चढतो. पाण्यांत क्षार विरघळलेला असल्यास ही क्रिया अधिक त्वरेनें चालते. आणि रासायनिक खतांपैकीं बहुतेक क्षारच होत. शिवाय प्रत्येक खताची एक मर्यादा असते. हवेंतील आर्द्रता त्या मर्यादेपलीकडे गेली कीं खत आपोआप पाणी शोषून पाघळूं लागतें. ३० अंश सेल्सिअस उष्णमानास ही मर्यादा युरियाची सुमारें ७३ टक्के, अमोनियम सल्फेटाची सुमारें ७९ टक्के व म्युरिएट ऑफ पोटॅशची सुमारें ८४ टक्के आहे. दोन खतें मिसळलीं म्हणजे ती आणखी खालीं येते. युरिया व म्युरिएट ऑफ पोटॅश यांच्या मिश्रणाची मर्यादा सुमारें ६० टक्केच असते. पावसाळ्यांत आपल्याकडील हवा कित्येक दिवस याहून दमट असते. म्हणजे पेटीच्या कोपऱ्यांत राहिलेली चिमूटभर भुकटी, वरून पाण्याचा थेंबहि न पडतां, सारा श्रावण-भाद्रपद लोखंडास ओलें ठेविते.

अशा भुकटीवर तेल ओतल्यास क्षार तेलाखालीं दडून राहतो व गंज आंतल्या आंत वाढतो. म्हणून पहिला नियम हा कीं, आधीं धुणें, मग सुकविणें आणि मगच तेल.

धुण्याची रीत.— पेरणी संपेल त्याच दिवशीं खताची पेटी रिकामी करावी, कोरड्या कुंच्यानें झाडावी व स्वच्छ पाण्यानें धुवावी. चाक हातानें फिरवीत पाणी घातलें म्हणजे खांचांतील खत निघून जातें. खताचें चक्र ॲल्युमिनियमचें असल्यास धुण्याचा सोडा वापरूं नये. तो त्या धातूस खातो. पितळी बुशांजवळ खत मुळींच राहूं देऊं नये, कारण ओल्या युरियापासून सुटणारा अमोनिया पितळेस चिरा पाडतो. बेअरिंगावर पाण्याचा जोराचा झोत मारूं नये. त्यानें पाणी आंत शिरतें. धुतल्यावर यंत्र उन्हांत पूर्ण वाळूं द्यावें.

वंगणाची निवड.— वंगणाचीं कामें दोन : घासणाऱ्या दोन भागांमध्यें पडदा धरणें व उघड्या लोखंडास हवा-पाण्यापासून झांकणें. एकच पदार्थ दोन्ही कामें सर्व ठिकाणीं सारखीं करीत नाहीं.

बेअरिंगास ग्रीस द्यावें. ग्रीस म्हणजे साबणांत धरून ठेविलेलें तेल होय, व त्याचा गुण साबणावर अवलंबून असतो. सोडियमच्या साबणाचें ग्रीस उष्णता सोसतें पण पाण्यानें धुवून जातें. साधें कॅल्शियमचें ग्रीस पाणी सोसतें पण फार तापल्यास टिकत नाहीं. लिथियमचें ग्रीस दोन्ही बऱ्यापैकीं सोसतें. यास्तव दोन नंबरचें लिथियम ग्रीस घ्यावें, आणि जुनें मळकट ग्रीस बाहेर पडून नवें दिसेपर्यंत तें पंपानें भरावें. निरनिराळ्या जातींचीं ग्रीसें एकत्र केल्यास तीं कधीं कधीं पातळ होऊन वाहून जातात.

साखळीची झीज बाहेरून होत नसून दुव्यांच्या खिळ्यांजवळ आंत होते. तिच्यावर बाहेरून ग्रीस थापल्यास माती चिकटून त्याचें सहाणेसारखें घासणारें मळण बनतें. साखळी काढून डिझेलनें धुवावी, वाळवावी, इंजिनाच्या नव्या तेलांत रात्रभर बुडवून ठेवावी व वरचें तेल फडक्यानें पुसून टाकावें. बियांच्या पेटींत मात्र तेलाचा थेंबहि जाऊं देऊं नये. बीं व धूळ त्यास चिकटून प्रमाण बिघडतें. तेथें चक्र जड फिरत असल्यास ग्रॅफाइटची कोरडी पूड वापरावी.

फणांच्या फाळांस व रंग उडालेल्या जागांस गंज खरवडून उपाय करावा : फाळांस ग्रीसचा पातळ थर, व इतर पत्र्यास रेड ऑक्साइडचा हात देऊन वर रंग.

कोणतीं तेलें टाळावीं.— जवसाचें तेल हवेंत सुकून चिवट पापुद्रा धरतें. रंगांत हा त्याचा गुण आहे, पण फिरत्या भागांत दोष आहे. करडईच्या तेलाचीहि प्रवृत्ति तशीच. एरंडेल तसें सुकत नाहीं. अडचणीच्या वेळीं तें चालेल. ट्रॅक्टराच्या इंजिनांतून काढलेलें काळें तेल फुकट मिळतें म्हणून सर्रास लावतात. त्यांत काजळी, आम्ल व धातूचा चुरा असतो, तें कातडीस अपायकारक आहे, आणि जमिनींत पडल्यास तीस दूषित करितें. तें वापरूं नये.

ठेवण्याची जागा.— यंत्र छपराखालीं, विटांवर किंवा लांकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवावें. प्लॅस्टिकच्या कागदांत घट्ट गुंडाळूं नये. आंत ओल कोंडते. महिन्यांतून एकदां चाक दोन-चार वेळां हातानें फिरवावें. जड लागल्यास त्याच दिवशीं कारण शोधावें, वाफशाची वाट पाहूं नये.

या साऱ्यास एक दुपार व थोडेसें तेल पुरतें. ती दुपार आषाढांत काढली, तर आश्विनांत वाफशाचे दिवस हातचे जाणार नाहींत.