पाटीवर काय लिहायचं?

गिरगावात 1959 साली सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, तेव्हा त्या पापडांना नावच नव्हतं. 1962 मध्ये त्यासाठी चक्क स्पर्धा घेतली, बक्षीस 5 रुपये! त्यातून ‘लिज्जत’ आलं. पार्लेने गावाचं नाव उचललं, ‘निरमा’ला मालकाच्या लेकीचं मिळालं. ‘विको’ तर विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनीची नुसती आद्याक्षरं.

आपल्याकडे सर्वांत मळलेली वाट आडनावाची : बेडेकर, चितळे. गिऱ्हाइकाचा विश्वास पटकन बसतो, हे खरं. पण त्याच आडनावाचा दुसरा कुणी प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरत असेल, तर कायदा त्याला सहसा अडवू देत नाही. ‘शुद्ध मसाले’सारखी निव्वळ वर्णनाची नावं तर नोंदणीलाच अडतात, तरी दर गल्लीत एक सापडतंच.

ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे मिळून 45 वर्ग आहेत. मसाला 30व्या वर्गात, लोणचं 29व्या. म्हणजे एकाच नावाने दोन्ही विकणाऱ्या ताईंना फी दोनदा. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी दर वर्गाला 4,500 रुपये, इतरांना दुप्पट. नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण. लेबलं छापायला टाकण्याआधी सरकारी संकेतस्थळावर तेच किंवा तसंच नाव कुणी घेतलंय का, ते बघावं. त्याला पैसे पडत नाहीत. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी हातात आल्यावरच छापायचा, नाहीतर दंड होऊ शकतो.