स्मृतिभ्रंश आणि पाळीव प्राणी : खडकवासला परिसराच्या संदर्भात

मुठेवरील धरणाच्या काठी वसलेले खडकवासला गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शेत आणि गोठा यांत जिचे आयुष्य गेले, ती पिढी येथे आता गृहसंकुलांच्या शेजारी वृद्ध होत आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासानुसार भारतातील साठ वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. अशा रुग्णासाठी घरात प्राणी पाळावा काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौसेचा राहत नाही.

प्राण्याच्या सहवासाने गेलेली स्मृती परत येते, या समजुतीस आधार नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०१९ मधील आढाव्यात नऊ चाचण्या व ३०५ रुग्ण विचारात घेतले गेले. नैराश्याची लक्षणे किंचित कमी होण्याची शक्यता तेवढी दिसली. तीही दुर्बल पुराव्यावर. शिवाय या सर्व चाचण्या युरोप-अमेरिकेतील होत्या.

मग उपयोग कशाचा? अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये अल्झायमर रुग्णांच्या भोजनगृहांत मत्स्यपेट्या ठेवल्या, तेव्हा रुग्णांचा आहार वाढला व वजनही थोडे वाढले. माशांच्या हालचालीने लक्ष खिळून राहिले आणि रुग्ण जेवणाच्या टेबलाशी टिकून राहिला, असा त्याचा उलगडा करता येतो. दुसरे कारण स्मृतीच्या स्वरूपात आहे. या विकारात नुकत्याच घडलेल्या घटना आधी विसरल्या जातात. हाताला वळण पडलेल्या कृती तुलनेने उशिरापर्यंत टिकतात. नातवाचे नाव न आठवणाऱ्या वृद्धास वैरण घालणे वा गाईच्या पाठीवरून हात फिरवणे जमू शकते, ते यामुळेच. नेदरलँड्समध्ये स्मृतिभ्रंश झालेल्यांची काळजी घेणारी शेते आहेत. तेथील रहिवासी नेहमीच्या शुश्रूषागृहांतील रुग्णांपेक्षा अधिक हालते-फिरते असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. खडकवासल्याच्या जुन्या शेतकऱ्यास विकत आणलेल्या पिल्लापेक्षा ओळखीचा गोठाच अधिक जवळचा वाटावा, हे त्यावरून सहज पटते.

धोके मात्र दुर्लक्षून चालणार नाहीत. पायात घोटाळणाऱ्या कुत्र्यामुळे वृद्ध पडतो. प्राण्यास खायला घातले की नाही, हे त्याला आठवत नाही. रेबीजची लस चुकवून चालत नाही. आपल्याकडे रुग्ण बहुधा घरीच असतो, आणि हे सारे काम अखेर सुनेच्या किंवा पत्नीच्या अंगावर येते. पाश्चात्त्य संशोधनात ही बाजू फारशी येत नाही. जेथे घरात आणखी एका जिवाचे करणे शक्य नाही, तेथे सकाळी कोणाच्या तरी सोबतीने शेजारच्या गोठ्यापर्यंत जाऊन येणे हा बिनखर्चाचा पर्याय उरतो. शेजारी गोठा अजून शिल्लक असेल तर.