ई, व्ही, एम आणि वेळ

अपघात विभागात ट्रॉली आत आली की सर्जन आधी हाक मारतो. नाव ठाऊक नसेल तर नुसतंच, "दादा, डोळे उघडा." उत्तर आलं नाही, तर भुवईखालच्या हाडाच्या कडेवर अंगठ्यानं जोर देतो आणि रुग्णाचा हात कुठे जातो ते पाहतो. हात वर येऊन तो अंगठा दूर सारू लागला, तर एम-फाइव्ह. कोपरात नुसता वाकला, तर त्याहून कमी. "ई-टू, व्ही-टू, एम-फाइव्ह," सर्जन मोठ्यानं सांगतो आणि शेजारी उभी असलेली मुलगी ते वेळेसकट कागदावर उतरवते.

मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात रात्रपाळीला मी हे पाहत होते. कपडे कात्रीनं कापले जात होते, वॉर्डबॉय मामा सीटी स्कॅनकडे ट्रॉली ढकलत होते, पोलिसी नोंदीसाठी, म्हणजे एमएलसीसाठी, हवालदार ताटकळला होता. या धांदलीत ती नोंद कोणाच्या लक्षातही येत नाही. मला मात्र तीच सगळ्यात मोलाची वाटली. डोक्याच्या दुखापतीवर आयुष्यभर संशोधन करणाऱ्या सर्जनचं काम या कागदापासून सुरू होतं.

डोळे (ई), बोलणं (व्ही) आणि हालचाल (एम) यांना गुण देण्याची ही पद्धत ग्लासगोच्या ग्रॅहॅम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी 1974 मध्ये मांडली. त्याआधी 'गुंगीत आहे', 'अर्धवट शुद्धीत आहे' असं लिहिलं जाई आणि प्रत्येक डॉक्टरचा अर्थ वेगळा असे. आता बेरीज 3 ते 15 मध्ये येते. पण खरी बातमी तिच्या उतारात असते. कवटीला पसरायला जागा नाही. आत रक्त साठत गेलं की दाब चढतो, मेंदू खाली सरकतो, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. तासापूर्वी 13 असलेला माणूस 10 वर आला, हे कळायला आधीचा 13 लिहिलेला हवा, आणि किती वाजता तेही.

तोंडाला दारूचा वास येत असेल तर ही शिस्त फार लागते. "उतरली की उठेल," असं बरोबरचे लोक सांगतात. त्या रात्रीच्या सर्जनबाई निवासी डॉक्टरला म्हणाल्या, "वास लिही, पण स्कोअर दिसतो तोच लिही. अर्ध्या तासानं परत बघ." दारूच्या नावावर मेंदूतला रक्तस्राव खपून जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नोंदी मोजल्या नाहीत तर काय होतं, याचं सर्वांत कठोर उदाहरण स्टेरॉइडचं. सूज उतरवणारं औषध मेंदूची सूजही उतरवेल, हा तर्क सरळ होता, आणि अनेक वर्षं अनेक ठिकाणी ते दिलं गेलं. 'क्रॅश' नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत 10,008 रुग्ण घेतल्यावर 2004 मध्ये भरती थांबवावी लागली. दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी 21.1 टक्के दगावले होते, न मिळालेल्यांपैकी 17.9 टक्के. एकेका खाटेशी उभ्या डॉक्टरला हा फरक कधीच दिसला नसता. मुळात या दुखापतीत पुष्कळ जण दगावतातच. पुढे 2019 च्या 'क्रॅश-3' मध्ये रक्तस्राव रोखणारं स्वस्त ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड तपासलं गेलं. दुखापतीनंतर तीन तासांच्या आत दिल्यास सौम्य आणि मध्यम दुखापतीत डोक्याच्या माराने होणारे मृत्यू कमी झाले. अतिगंभीर रुग्णांत तसा फायदा दिसला नाही. रुग्ण कोणत्या गटातला हे ठरलं ते त्याच ई-व्ही-एमवर.

आपल्याकडे ही मोजणी चिकाटीनं मांडणाऱ्यांत मुंबईचे सर्जन डॉ. नोभोजित रॉय यांचं नाव घ्यावं लागतं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रुग्णालयात काम करताना त्यांनी स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या सहकाऱ्यांसोबत 'टिटको' हा प्रकल्प उभा केला. मुंबईची शीव आणि केईएम, शिवाय दिल्ली व कोलकात्याची मोठी रुग्णालयं मिळून 2013 ते 2015 मध्ये सुमारे 16,000 जखमींच्या नोंदी जमल्या. मला त्यातली पद्धत आवडते: त्यासाठीच नेमलेली माणसं पाळ्या बदलत अपघात विभागात उभी राहिली आणि समोर दिसलं ते लिहीत गेली. कामात बुडालेल्या निवासी डॉक्टरवर आणखी एक फॉर्म लादला असता, तर तो पहाटे आठवून भरला गेला असता.

रुग्ण घरी गेल्यावरही कागद संपत नाही. वाचलेला माणूस सहा महिन्यांनी कसा आहे, हे विचारायला फोन करावा लागतो. मी ऐकलेल्या एका फोनवर आई सांगत होती, "जेवतो, हिंडतो, पण चिडतो फार. कामावरून घरी बसवलं त्याला." ती आई आणखी काही बोलत राहिली आणि नोंद करणारी मुलगी मध्ये न तोडता ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, एकटा लोकलनं जातो का? दुकानातून सामान आणतो का? पैशांचा हिशेब जमतो का? प्रत्येक उत्तर लिहून तिनं 'मध्यम अपंगत्व' या चौकटीत खूण केली, चिडचिडीचं समासात टिपलं, ओपीडीची तारीख दिली आणि यादीतला पुढचा नंबर लावला.