घनफुटाची शेती

नांदेडहून किनवटचा रस्ता धरला की भोकर, हिमायतनगरनंतर काळी सपाट राने मागे पडतात आणि टेकड्यांवर सागवान दिसू लागते. भर पावसाळ्यात शेंड्यांवर पांढुरका फुलोरा असतो. माहूरपर्यंत हेच जंगल. शेजारच्या लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र एक टक्क्याच्याही आत. तिथे दाराच्या चौकटीचे लाकूड बाहेरूनच येते. या दोन्ही जिल्ह्यांत सोयाबीनच्या भावाला कंटाळलेला शेतकरी हल्ली ज्या रोपाची चौकशी करतो, ते मात्र किनवटच्या जंगलातले नाही. ते आहे मलबार नीम, म्हणजे मिलिया डुबिया.

झाड खरोखर वेगाने वाढते. पाणी आणि निचऱ्याची जमीन मिळाली तर पहिल्याच वर्षात ते माणसाच्या डोक्यावरून जाते आणि सहा ते आठ वर्षांत प्लायवूडच्या कामाचे होते. १० बाय १० फुटांवर लावले तर एकरी ४३५ रोपे बसतात. डेहराडूनची वन संशोधन संस्था आणि कोइमतूरची वन आनुवंशिकी संस्था यांनी याच्या निवडक जाती काढल्या आहेत. बियांपासून रोप करणे जिकिरीचे, कारण आठोळी कठीण आणि उगवण कमी. म्हणून रोपवाटिकेत ती शेणकाल्यात भिजवून ठेवतात.

खरे कसब लावणीत नाही, छाटणीत आहे. पहिली दोन-तीन वर्षे बगलेचे फुटवे कोवळे असतानाच, हाताने मोडता येतील तेव्हाच काढावे लागतात. फांदी जाड झाल्यावर कोयता लावला की तिथे गाठ राहते. ही गाठ सात वर्षांनी कारखान्यात सापडते. पीलिंग मशिनवर ओंडका गोल फिरतो आणि पात्याखालून पेन्सिलीच्या सालपटासारखा लाकडाचा लांबच लांब पापुद्रा सुटत जातो. गाठ आली की पापुद्र्याला भोक पडते, दर्जा उतरतो. म्हणून विचारायचे ते उंचीचे नाही, सरळ आणि बिनगाठीचा बुंधा किती फूट, हे.

मोजणीचीही एक गोष्ट आहे, जी रोपे विकणारा सहसा सांगत नाही. प्लायवूडचे लाकूड बहुधा टनावर जाते, सागवान घनफुटावर. घनफूट काढायची वखारीतली जुनी रीत अशी: ओंडक्याच्या मध्यावर फीत गुंडाळायची, घेराचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे. घेर ३६ इंच आणि लांबी १० फूट असेल तर चौथा भाग ९ इंच, म्हणजे पाऊण फूट. हिशेब येतो साधारण ५.६ घनफूट. भूमितीप्रमाणे त्याच ओंडक्यात ७ घनफुटांहून जास्त लाकूड असते. कापताना वाया जाणारे लाकूड असे आधीच वजा झालेले असते. यात फसवणूक नाही, पण जाहिरातीतला आकडा कोणत्या रीतीने काढला, हे विचारलेच पाहिजे.

'दहा-बारा वर्षांत तयार' म्हणून विकले जाणारे टिश्यू कल्चर सागवान हा आणखी अवघड मामला. रोप निरोगी आणि एकसारखे असते, हे मान्य. पण त्या वयाच्या सागाचा काप पाहिला तर मध्ये लहानसा तपकिरी गाभा आणि भोवती पांढरट लाकडाचे जाड कडे दिसते. सागाला भाव आहे तो गाभ्याचा. पांढऱ्या लाकडाला वाळवी सोडत नाही. केरळात निलंबूरला इंग्रजांनी १८४० च्या दशकात सागाची लागवड केली, तेव्हापासून या झाडाचा हिशेब पिढ्यांचा आहे. वनखात्याची सागाची आवर्तनेही पन्नास ते ऐंशी वर्षांची. घाई करून गाभा वाढत नाही. नव्वदच्या दशकात सागाच्या नावावर गुंतवणूकदारांचे पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले होते. चेन्नईची अनुभव प्लँटेशन्स १९९८ मध्ये कोसळली आणि १९९९ मध्ये सेबीला अशा सामूहिक योजनांसाठी नियम करावे लागले.

झाडांची शेती टिकतेही. हरियाणातल्या यमुनानगर भागात प्लायवूडसाठी लावल्या जाणाऱ्या पॉपलर झाडाची शेती टिकली, याची कारणे साधी आहेत: सिंचनाचे पाणी, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीने जाता येईल इतक्या अंतरावर प्लायवूडचे कारखाने. मराठवाड्यात या दोन्हींची वानवा. हलके लाकूड शेकडो किलोमीटर न्यायचे तर भाड्यातच भाव जातो. पाण्याचे तर लातूरकरांना सांगायलाच नको; एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. वेगाने वाढणारे झाड पाणीही वेगानेच पिते. भारी काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत मलबार नीमही रडते आणि सागही.

म्हणून माझे मत असे, की अर्धापूर-मुदखेडच्या कालव्याखालच्या पट्ट्यात, निचऱ्याच्या तुकड्यावर, सुरुवातीला हळदीचे आंतरपीक घेऊन मलबार नीम करून पाहायला हरकत नाही. मुखेड-कंधार किंवा औसा-निलंग्याच्या कोरडवाहू रानात अख्खा एकर त्याला देऊ नये. बांधावर साग लावा, तो नातवाच्या कामाला येईल असे धरूनच.

लावलेल्या झाडांची नोंद ई-पीक पाहणीत करून सातबाऱ्यावर आणा. साग १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहे; स्वतःच्या शेतातला असला तरी तोडायला परवानगी, ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का आणि वाहतुकीचा पास लागतो. आणि रोपांचे पैसे देण्याआधी एक दिवस मोडून जवळच्या आरा गिरणीत जा. हे लाकूड घेता का, किती घेराचे, टनाला काय देता, हे मालकालाच विचारा. परत खरेदीचा करार दाखवणाऱ्याला मात्र एवढेच विचारा, की सात वर्षांपूर्वी त्याने कोणाचे लाकूड विकत घेतले. त्या शेतकऱ्याचे गाव सांगितले तरच पुढचे बोला.